मुलांच्या उच्च शिक्षणास आर्थिक साहाय्य : अर्जाची घात कशी साधावी

शेतीच्या कामात घात साधणे म्हणजे काय, हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको. रानास वाफसा आला असता दोन दिवस आळस केला, तर तेच बियाणे, तेच खत व तेच रान असूनही पीक निम्म्यावर येते. मुलामुलींच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी जे साहाय्य सरकारातून व बँकेतून मिळते, त्यासही अशीच घात असते. ती साधणारा निभावतो. चुकविणारा दोष नशिबास देतो. प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरात गेली आहे. त्या अनुभवावरून असे निश्चयाने सांगता येते की, पुष्कळ शेतकरी कुटुंबांचे साहाय्य अपात्रतेमुळे बुडत नाही, तर कागद वेळेवर नसल्यामुळे बुडते. सबब या विषयाचा क्रमवार विचार येथे केला आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील पैशाचा हंगाम प्रथम पाहावा. द्राक्षाचा पैसा माघापासून चैत्रापर्यंत हाती येतो आणि लगेच खरड छाटणीच्या खर्चात जाऊ लागतो. उन्हाळ कांदा चाळीत पडलेला असतो व त्याचा भाव लासलगावच्या बाजारात काय निघेल हे कोणासच ठाऊक नसते. ज्येष्ठ-आषाढात खरिपाचे बियाणे, खत व मजुरी यांत उरलेली शिल्लक संपते. नेमक्या त्याच वेळी महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतात. पैसा मातीत आणि फीची मागणी दारात, अशी अवस्था होते. मग तीन वाटा दिसू लागतात : चाळीतला कांदा पडेल त्या भावाने विकणे, सावकाराकडे जाणे, किंवा बांधालगतचा तुकडा शेजाऱ्यास लिहून देणे. घरात मुलगा व मुलगी दोघेही शिकणारे असतील, तर चौथी वाट निघते. ती म्हणजे मुलीस घरी बसविणे. फेरफाराच्या नोंदवहीत विक्रीची नोंद एकदा मंजूर झाली की ती जमीन बहुधा पुन्हा घरी येत नाही. आणि शिक्षण तुटलेली मुलगी पुन्हा महाविद्यालयाची पायरी चढल्याची उदाहरणेही थोडीच. यापैकी कोणतीही वाट धरण्यापूर्वी हक्काचे साहाय्य काय आहे, हे पाहणे प्रत्येक कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य आहे.

साहाय्य म्हणजे भिक्षा नव्हे

कित्येक मानी शेतकऱ्यांस असा अर्ज करण्यात कमीपणा वाटतो. त्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी १८६३ साली एका शेतकरी घरात जन्मलेला मुलगा पुढे १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. तेच महाराजा सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ती बिनशर्त नव्हती. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी असा करार होता. मुदत संपल्यावर १९१७ साली लंडनचे शिक्षण अपुरे ठेवून त्यांना परतावे लागले. पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा जवळ प्राध्यापकीतून साठविलेली शिल्लक होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्जही होते.

या उदाहरणात आजच्या अर्जदारास लागणारा सगळा धडा आहे. साहाय्य घेतल्याने मनुष्य लहान होत नाही. साहाय्यास शर्ती असतात व त्या आधी वाचाव्या लागतात. आणि एका झऱ्याने विहीर भरत नाही, दान, स्वतःची शिल्लक व कर्ज यांचा मेळ घालावा लागतो.

खुद्द नाशिकातही हीच परंपरा आहे. मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था १९१४ साली निघाली. उदाजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला १९२० साली शाहू महाराजांच्या हस्ते बसली. खेड्यातील मुलास शहरात राहावयास जागा व जेवावयास अन्न मिळाले, तरच तो शिकेल, हे त्या पिढीने ओळखले होते. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून श्रम करून शिकण्याचा मार्ग दाखविला. त्यांच्याच नावाने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना चालते, आणि नाशिक जिल्ह्यातील पुष्कळ महाविद्यालये त्या विद्यापीठास जोडलेली आहेत.

साहाय्याचे चार प्रकार

आजचे साहाय्य चार प्रकारांत मोडते. हे प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात, म्हणून ते निरनिराळे सांगतो.

(१) फीची सवलत. पूर्वी हिला नादारी म्हणत. खुल्या प्रवर्गातील व तत्सम विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काचा व परीक्षा शुल्काचा निम्मा भाग शासन सोसते. हा लाभ कुटुंबातील दोनच अपत्यांस मिळतो. इतर मागास वर्ग, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी निराळ्या योजना आहेत. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असून तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतील आदिवासी बांधवांनी हेही ध्यानात ठेवावे की, आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरातच आहे.

मुलींच्या बाबतीत मोठा फरक झाला आहे. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये केला. खासगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे मात्र यातून वगळली आहेत. ज्या घरात ‘मुलास शिकवू, मुलीचे पुढे पाहू’ असा हिशेब मांडला जातो, तेथे हा निर्णय मोठ्याने वाचून दाखवावा. कारण पात्र कुटुंबास आता मुलीची फी मुलाच्या फीपेक्षा हलकी पडते.

(२) राहण्या-जेवण्याचा खर्च. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ज्यांचे नाव तिला दिले, ते विदर्भाचे पंजाबराव १९५२ ते १९६२ या काळात केंद्राचे कृषिमंत्री होते. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम् व इतर मागास वर्ग, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार अशा योजना आहेत. फी माफ झाली म्हणून पुष्कळ पालक स्वस्थ बसतात आणि खोलीभाडे व खानावळ यांचा बोजा स्वतःवर घेतात. हा दुसरा अर्ज ते करीतच नाहीत. दोन्ही अर्ज निरनिराळे करावे लागतात.

(३) काम करून मिळणारे वेतन. ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत ठराविक तास काम करतो व त्याचा मोबदला घेतो. रक्कम मोठी नसते. पण वह्या, पुस्तके व किरकोळ खर्च तीतून भागतो. चौकशी महाविद्यालयातच करावी.

(४) शैक्षणिक कर्ज. याचा विचार शेवटी करू. कारण पहिल्या तीन प्रकारांनी न भागलेला भाग तेवढाच कर्जाने भागवावयाचा असतो.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. शुल्क माफ म्हणजे सर्व खर्च माफ असे नव्हे. विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ, साहित्य व प्रवास हा खर्च राहतोच. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाकडून शुल्काचा तक्ता घेऊन कोणती बाब माफ होते व कोणती राहते, याच्या दोन याद्या कराव्या.

उत्पन्नाचा दाखला : सर्व अर्जांचे मूळ

या सर्व योजनांस तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला लागतो. अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात करता येतो. शेतकऱ्याच्या बाबतीत त्याचा पाया तलाठ्याचा अहवाल असतो. तलाठ्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे, तरी काम तेच आहे. सातबारा, आठ-अ, पिकांची नोंद व अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र पाहून तो अहवाल देतो. यासंबंधी चार गोष्टी लक्षात ठेवाव्या.

पहिली : दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनच्या प्रवेशास निरुपयोगी ठरतो, म्हणून नवा दाखला एप्रिल लागताच मागावा. जूनमध्ये कचेरीत अर्जांचे ढीग पडतात आणि केंद्रांबाहेर रांगा लागतात. तेव्हा धावाधाव करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

दुसरी : ई-पीक पाहणीत आपले पीक आपणच नोंदवावे. ही पद्धत ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर चालू आहे. शेतात बाजरी व कागदावर द्राक्षबाग असा घोळ राहिला, तर अंदाज चुकीच्या पिकावर बांधला जातो.

तिसरी : पट्टीवरील विक्रीची रक्कम व घरात उरलेले उत्पन्न यांत मोठे अंतर असते. द्राक्षाची विक्री दहा लाखांची असली तरी औषधे, खते, मजुरी, पॅकिंग व कर्जाचे व्याज वजा जाता हातात किती राहिले, हे बागाईतदारासच ठाऊक. पण केवळ तोंडी सांगून भागत नाही. बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, दुकानाच्या पावत्या व मजुरीचे टिपण एका पिशवीत वर्षभर ठेवले, तर हे अंतर दाखविता येते. हिशेब ठेवणारा शेतकरी येथे स्वतःच्या प्रामाणिकपणाचे फळ खातो.

चौथी : उत्पन्न मुद्दाम कमी लिहवून घेण्याचा मोह धरू नये. मनुष्य ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेत उत्पन्न फुगवून दाखवितो आणि शिष्यवृत्तीसाठी तेच आखडून दाखवितो. दोन्ही कागद त्याच्याच सहीचे असतात व केव्हातरी एकमेकांसमोर येतात. घोषणापत्र खोटे ठरल्यास रक्कम वसूल होते, शिक्षेची भीती असते, आणि ते ओझे ज्याचे शिक्षण चालू आहे त्या मुलावर पडते. द्राक्षाचे एक चांगले साल मर्यादा ओलांडून जाते व पुढच्या गारपिटीच्या साली कुटुंब पुन्हा पात्र होते. त्या-त्या सालाचे खरे उत्पन्न दाखवावे, हाच सरळ मार्ग होय.

तीन दाखल्यांतील भेद

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र हे तीन निराळे कागद आहेत. त्यांची कसोटीही निराळी आहे. शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे सर्व मार्गांचे उत्पन्न धरतात. त्यात शेती आली, नोकरी आली, दुकानही आले. नॉन-क्रीमी लेयरच्या बाबतीत १९९३ सालच्या केंद्रीय आदेशाप्रमाणे उत्पन्नाची मर्यादा पाहताना शेतजमिनीचे उत्पन्न व वेतन त्यात मिळवीत नाहीत. मात्र ओलिताच्या जमिनीच्या क्षेत्राची वेगळी कसोटी आहे. त्यामुळे शेतीचे उत्पन्न नऊ लाख असलेल्या घरातील मुलास राखीव जागा मिळू शकते, पण फीची सवलत मिळत नाही. असे झाल्यास अन्याय झाला असे समजू नये.

केंद्र शासनाच्या संस्थांसाठी लागणारे दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र कुटुंबाकडे ५ एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास मिळत नाही, मग उत्पन्न कितीही थोडे असो. नांदगाव-येवल्याकडील जिरायत शेतकऱ्यास हा नियम जाचक वाटेल. पण तो आधी कळला, तर भलत्या कागदामागे वेळ जात नाही.

सातबारा व वारस नोंद

पुष्कळ घरी सातबाऱ्यावर अजून वारलेल्या आजोबांचे नाव असते. तिघे भाऊ निरनिराळी चूल मांडून राहतात, वहिवाट निराळी असते, परंतु खाते सामाईक असते. अशा स्थितीत एकाच्या मुलाचा अर्ज आला की कागदावर सगळे क्षेत्र एकत्र दिसते. अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असलेला. पण सामाईक खात्यावर ४ हेक्टर दिसत असेल, तर प्रत्यक्षात सव्वा हेक्टर वाहणाऱ्यासही तो दाखला मिळण्यास अडचण येते. यास्तव वारस नोंद त्वरित करून घ्यावी, आणि भावाभावांत एकमत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करावा. हे काम आठ दिवसांचे नव्हे. मूल दहावीत असतानाच ते हाती घ्यावे.

जागा कोणत्या मार्गाने मिळाली

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीची सवलत शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेसच लागू होते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेस ती मिळत नाही. प्रवेशाच्या दिवसांत काही दलाल गावोगाव फिरतात. ‘फेरीची वाट कशास पाहता, आजच जागा पक्की करून देतो, शिष्यवृत्ती मागाहून होईल’ असे ते सांगतात. शिष्यवृत्ती मागाहून होत नाही. एका फेरीचा धीर न धरल्यामुळे चार वर्षांची सवलत जाते. पैसे भरण्यापूर्वी प्रक्रियेतून मिळालेले जागावाटपाचे पत्र हातात आहे की नाही, एवढे पाहिले तरी हा घात टळतो.

पात्र विद्यार्थ्याकडून माफ होणारा भाग प्रवेशाच्या वेळी मागू नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांस दिल्या आहेत. तरीही कोणी संपूर्ण रक्कम मागितल्यास तोंडी वाद घालू नये. प्राचार्यांस लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दप्तराच्या दृष्टीने झालेलाच नसतो.

अर्ज भरणे व त्याचा पाठपुरावा

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरावे लागतात. अर्ज भरताना पुढील बाबी सांभाळाव्या.

आधार, दहावीची गुणपत्रिका व बँकेचे खाते या तिन्हींत नाव एकसारखे असावे. एका ठिकाणी ‘रामनाथ’ व दुसऱ्या ठिकाणी ‘रामनाथराव’ असले तरी अर्ज अडतो. भ्रमणध्वनीचा क्रमांक आधारास जोडलेला व चालू असावा. केंद्रचालकाचा क्रमांक घालू देऊ नये, कारण पुढील सर्व निरोप त्याच क्रमांकावर येतात. विद्यार्थ्यास रोखीने मिळणारी रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. दोन-तीन बँकांत खाती असतील तर सर्वांत शेवटी जे खाते आधारशी जोडले, त्यात ती जाते. म्हणून कोणते खाते जोडलेले आहे हे बँकेत विचारून खात्री करावी.

अर्ज पाठविला म्हणजे काम संपले असे नाही. तो प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो, नंतर प्राचार्यांकडे व तेथून शासकीय विभागाकडे. कोठे त्रुटी निघाली तर तो विद्यार्थ्याकडे परत येतो आणि दुरुस्तीची वाट पाहत पडून राहतो. पुष्कळ अर्ज नामंजूर झालेले नसतात. ते परत आले आहेत हेच विद्यार्थ्यास ठाऊक नसते. दर पंधरवड्यास अर्जाची स्थिती पाहावी. तसेच दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी मिळाले म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही.

कर्ज घ्यावयाचे झाल्यास

वरील साहाय्य मिळूनही तूट राहिली, तर सावकाराच्या ओसरीवर न जाता बँकेचे शैक्षणिक कर्ज पाहावे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास शासनाच्या हमी योजनेचा आधार आहे. त्या मर्यादेत तारण मागण्याचे कारण नाही. पालक सहकर्जदार म्हणून सही करतो, परंतु सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढविण्याची गरज पडत नाही. हे बँकेत स्पष्ट बोलावे. जमीन पीककर्जासाठी मोकळी राहणे, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोठे आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. शासनाने ठरविलेल्या गुणवत्ता-यादीतील संस्थांत प्रवेश मिळालेल्यांस तीत विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असून दुसरी शासकीय शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेतलेली नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्के सूट आहे. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातील संपूर्ण व्याजाची सवलत आहे. आपले महाविद्यालय यादीत आहे काय, हे अर्जापूर्वी पाहावे.

आता व्याजाचा हिशेब. परतफेड सहसा अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते, आणि तोवर सरळ व्याज चढते. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षाच्या आरंभी १ लाख याप्रमाणे ४ लाख उचलले व व्याजाचा दर हिशेबासाठी शेकडा १० धरला. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० हजार व चौथ्यावर २० हजार, मिळून १ लाख ४० हजार व्याज होते. ते तसेच राहू दिले, तर मुद्दलात मिळून ५ लाख ४० हजारांवर हप्ते बसतात. म्हणजे व्याजावर व्याज सुरू होते, आणि पहिल्याच वर्षी सुमारे १४ हजारांचा जादा भार पडतो. उलट, पहिल्या वर्षी १० हजार, दुसऱ्या वर्षी २० हजार याप्रमाणे त्या-त्या वर्षाचे व्याज द्राक्षाच्या किंवा कांद्याच्या पैशातून भरले, तर नोकरीस लागलेल्या मुलापुढे ४ लाखांचेच कर्ज राहते. शक्य त्याने ही शिस्त धरावी.

कर्ज घेताना आणखी एक विचार करावा. ज्या अभ्यासक्रमानंतर हप्ता भरण्याइतकी मिळकत होण्याचा संभव नाही, त्यासाठी मोठे कर्ज काढू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा नियम शिक्षणासही लागू आहे. मात्र आधी अंथरुणाची लांबी नीट मोजावी. साहाय्याचा हिशेब न करताच ‘आपणास परवडत नाही’ म्हणणे, हेही चुकीचे मापच होय.

वेळापत्रक

वरील विवेचनाचा सारांश महिनेवार असा ठेवावा :

दहावीनंतरच्या सुट्टीत — वारस नोंद, खातेफोड, आधारातील नावाची दुरुस्ती.

अकरावीत — राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याने जात पडताळणीचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करावा; या कामास महिने लागतात.

बारावीच्या हिवाळ्यात — वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला. बँकेचे खाते आधारशी जोडणे.

एप्रिल लागताच — उत्पन्नाचा नवा दाखला. लागू असेल त्यास नॉन-क्रीमी लेयर, दुर्बल घटक किंवा अल्पभूधारक प्रमाणपत्र.

जून ते ऑगस्ट — प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या. जागावाटपाचे पत्र, शुल्काची पावती व वसतिगृहाचा किंवा खोलीच्या भाड्याचा कागद जपून ठेवणे.

महाडीबीटी सुरू होताच — पहिल्या आठवड्यात फीचा व निर्वाह भत्त्याचा अर्ज. पुढे दर पंधरवड्यास तपास.

पुढील प्रत्येक वर्षी — नवा उत्पन्नाचा दाखला व नूतनीकरण.

सर्व कागदांच्या तीन-तीन प्रती काढून एक संच घरी, एक मुलाजवळ व एक महाविद्यालयात द्यावयास तयार ठेवावा. मूळ कागद कोणत्याही दलालाच्या हाती देऊ नये.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक गावात अर्ज भरून साहाय्य मिळविलेला एखादा तरी विद्यार्थी आता आहे. विविध कार्यकारी सोसायटीच्या किंवा ग्रामसभेच्या बैठकीत एप्रिल महिन्यात एक तास त्यास बोलावे, आणि बारावीच्या सर्व मुलामुलींचे कागद एकत्र बसून तपासावे. टोळी करून कांदा लागवड उरकते, तसे हे कामही चार घरे मिळून केल्यास हलके होते. योजनांच्या रकमा व मर्यादा शासन वेळोवेळी बदलते; यास्तव त्या वर्षाची सूचना वाचूनच अर्ज करावा. कागदांची तयारी मात्र प्रत्येक वर्षी तीच राहते, आणि ती चैत्रात झाली तर आषाढात जमीन विकण्याचा प्रसंग बहुतेक घरांवर येणार नाही.